ओसाका दुसऱ्यांदा, या खेपेस पायी: कोणकोणते मोहल्ले घ्यावेत?

काळी_माती (दारव्हा)

राम राम मंडळी,

मार्चमध्ये परत ओसाकाले जाणं होऊन रायलं. मागच्या खेपेस कंपनीच्या ट्रेनिंगसाठी होतो तिथं, हप्त्यातून एक रविवार मोकळा मिळे, मग काय, मेट्रोत बसायचं, किल्ला पाहायचा, दोतोम्बोरीच्या त्या पळणाऱ्या माणसाच्या बोर्डापुढं फोटो काढायचा, की पुन्हा मेट्रो. सगळं शहर जमिनीखालून पाहिलं म्हणा ना. स्टेशनांची नावं अजून पाठ आहेत पण दोन स्टेशनांच्या मधात काय आहे, लोक राहतात कसे, बाजार भरतो कसा, याचा पत्ताच नाही. म्हणून ठरवलं का आता होईल तेवढं पायीच फिरायचं, मेट्रो फक्त थकल्यावर.

सोबत बाबा आहेत. पासष्टी उलटली पण वावरात जाणं-येणं रोजचं, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. हरभरा निघाला का मोकळे, गहू भाऊ पाहून घेतो, पुढं मृगाच्या आधी वखर-पाळ्या सुरू झाल्या का ते कुठं हलत नाहीत, म्हणून मार्चच जमतो. त्यांना टॉवर-मॉल यात काडीचा रस नाही. मागं व्हिडिओ कॉलवर किल्ला दाखवला तर त्यांनी किल्ल्याचं काही नाही विचारलं, विचारलं हे का "एवढं मोठं शहर, यायले धान्य कुठून येते?" आणि दुसरा सवाल, "तिथं कापूस पिकते का?" अशा माणसाला काय दाखवावं ते सांगा.

मुक्काम होम्माचीजवळ आहे, साधारण हप्ताभर. कोणता भाग कुठून सुरू करावा, कुठं संपवावा, आणि अलीकडं काय बदललं तेही कळवा. बाबा माळकरी आहेत, खाण्याचं पण सांगा.

विदर्भ_एक्सप्रेस

भाऊ दुसऱ्यांदा जाऊन रायले तं क्योतो-नारा करा ना. ओसाकात पायी पाहण्यासारखं काय हाय, सगळं काँक्रीट. क्योतो ट्रेननं अर्ध्या तासावर हाय.

आर्वीची_लेक (सध्या ओसाका)

एक्सप्रेस दादा, मी इथं बरीच वर्षं राहते आणि मला हे अजिबात पटत नाही. क्योतो सुंदरच आहे, पण ते राजाचं आणि देवळांचं गाव. ओसाका व्यापाऱ्यांचं गाव आहे, आणि काळी_माती दादांचे बाबा जे दोन प्रश्न विचारून राहिले ना, त्या दोन्हींची उत्तरं ओसाकातच आहेत, तीही होम्माचीवरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी धान्याचं. होम्माचीवरून उत्तरेला चालत निघा, मिदोसुजीचा मोठा रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी गिंकोची झाडं, मार्चमध्ये त्यांना पानं नसतात पण रस्ता मोठा देखणा आहे. हा आधी ६ मीटरचा बोळ होता, १९३७ मध्ये ४४ मीटर रुंद करून झाला, खाली मेट्रो आणि वर रस्ता, दोन्ही कामं सोबतच चालली होती. सरळ गेलं की नाकानोशिमा लागतं, दोन नद्यांच्या मधातलं लांबट बेट. शोगुनांच्या म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात देशभरातले सरदार आपापल्या मुलखातला तांदूळ जहाजानं इथं आणून ठेवायचे, या बेटावर आणि आजूबाजूला शंभराच्या वर कोठारं होती. शेतसारा तांदळातच वसूल व्हायचा, तो विकून रोकडा करायचा तो इथंच. पलीकडच्या काठाला दोजिमा. तिथं तांदळाचा जो बाजार भरायचा त्याला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि तिथं नुसता तांदूळ नाही तर पुढच्या तांदळाचे सौदे व्हायचे, म्हणजे आज आपल्याकडे टीव्हीवर सोयाबीन-हरभऱ्याचा वायदा दाखवतात ना, जगातला तसला पहिला रीतसर बाजार हाच म्हणतात.

बाबांना हे नक्की सांगा: तिथं बाजार बंद करायची पद्धत अशी होती की एक सुताची वात पेटवून टांगायची, ती विझली की त्या वेळचा भाव तो त्या दिवसाचा भाव. तरी दलाल हटायचे नाहीत, मग पाणी मारणारी माणसं येऊन त्यांच्या अंगावर पाणी फेकायची. आणि भाव बाहेरगावी कळवायला डोंगरमाथ्यांवर झेंडे हलवणारी माणसं उभी असायची, एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर, असं करत काही मिनिटांत भाव क्योतोपर्यंत पोचायचा. आता तिथं नदीकाठी एक स्मारक आहे, मोठ्या तांदळाच्या दाण्यासारखं. लोक फोटो काढून पुढं जातात, तुम्ही जरा थांबा, बेटाकडं तोंड करून उभं राहिलं की कोठारांची जागा समोरच येते.

तिथून बेटावरूनच पूर्वेकडं चाला, लाल विटांचं सार्वजनिक सभागृह लागेल, १९१८ चं. एका शेअर दलालानं दहा लाख येन देऊन ते बांधायला घेतलं, नंतर बाजारात त्याचं फार नुकसान झालं, पण दिलेले पैसे त्यानं परत मागितले नाहीत आणि इमारत पुरी व्हायच्या आधीच त्यानं जीव दिला. मी त्या पायऱ्यांवरून जाते तेव्हा दरवेळी ही गोष्ट आठवते. भावाच्या पायी जीव जाणं काय असतं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा दिवस सेम्बाचा, म्हणजे तुमचं हॉटेल जिथं आहे तोच भाग. इथं रस्त्यांचं गणित सोपं आहे, पूर्व-पश्चिम ते दोरी, उत्तर-दक्षिण ते सुजी, एवढं ध्यानात ठेवलं की चुकत नाही. हा कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांचा मोहल्ला. सेम्बा सेंटर बिल्डिंग म्हणून आहे, १९७० ची, वर गाड्यांचा एक्सप्रेस वे, पोटात दुकानं, खाली मेट्रो, अशा दहा इमारती एकामागं एक, जवळपास एक किलोमीटर. आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, कापड, अस्तर, बटणं, सूट, स्वेटर, आणि दुकानात बसलेले म्हातारे. आपल्या बाजारातल्या जुन्या कापड दुकानदारासारखेच कापडाला हात लावून दोन बोटांत चोळून पाहतात. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

तिथून जवळच बिंगोमाचीत मेंग्यो काइकान आहे. कापूस-सूत धंद्यातल्या लोकांचा क्लब, १९३१ मध्ये बांधलेला. बाहेरून साधी इमारत, आत एकेक खोली वेगळ्या घाटाची, एका बैठकीत तर अख्खी भिंत रंगीत टाइलची. पैसा बहुतेक एका कापूस कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्यानं मरताना ठेवलेला, बाकी धंद्यातल्या लोकांनी घातलेला. आत पाहायचं तर आधी बुकिंग करावं लागतं, ते भारतातूनच करून घ्या.

तिसरा दिवस उएमाचीचा चढाव. ओसाका सपाट वाटतं पण मधात एक लांब टेकाड आहे उत्तर-दक्षिण, किल्ल्यापासून शितेन्नोजी देवळापर्यंत. फार जुन्या काळी समुद्र या टेकाडाच्या पायथ्याशी होता. काराहोरीच्या बाजारगल्लीतून सुरू करा. हा भाग १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत जळाला नाही, म्हणून लाकडी चाळी अजून उभ्या आहेत, एकाला एक लागून, पुढं कुंड्या, दाराशी सायकल. मग तानिमाचीनं दक्षिणेला, देवळांच्या रांगाच रांगा, आणि पश्चिमेला उतरणाऱ्या सात चढणी. सगळ्या नका करू, पण कुचिनावाझाका कराच, दगडी पायऱ्यांचा बोळ, दोन्हीकडं देवळांच्या भिंती, वरून पाहिलं की सापासारखी वळत खाली जाते. खाली उतरून दुसऱ्या चढणीनं वर या, परत खाली, परत वर, असंच करायचं. पाय दुखतात पण शहराचा आकार पायांना कळतो.

आणि तुम्ही २०-२१ मार्चच्या आसपास असाल तर संध्याकाळी शितेन्नोजीच्या पश्चिम दारावर जा. तेव्हा हिगान असतो, पितरांचे दिवस, लोक पूर्वजांसाठी येतात, आणि सूर्य बरोबर दगडी तोरणाच्या मधातून मावळतो, ते पाहायला भिक्षू आणि माणसं एकत्र जमतात. देऊळ ५९३ चं मानतात, तोरण १२९४ चं. बाबांना हे आवडेल, आमच्या बाबांना फार आवडलं होतं.

जिनिंगवाला_काका (हिंगणघाट)

ताईनं सेम्बा सांगितलं ते बेस झालं. कापसाचं मी सांगतो, हा माझा आवडीचा विषय हाय, जिनिंगमध्ये जिंदगी गेली.

काळी माती भाऊ, बाबाले सांगजा का जपानात कापूस जवळपास पिकतच नाही, पण ओसाकाले एका काळी पूर्वेचं मँचेस्टर म्हणत. मंग रुई कुठून? सुरुवातीले चीनची, आणि मंग आपली. १८८३ साली ओसाका बोसेकी नावाची गिरणी सुरू झाली, साडेदहा हजार चात्यांची, त्या काळी जपानात एवढी मोठी नव्हती. दिवस-रात्र चाले, १८८६ मध्ये आत विजेचे दिवे लावले. थे जागा होती सांगेन्या, आता तैशो वॉर्डात येते. गिरणी राहिली नाही, पण सांगेन्याच्या बागेत 'आधुनिक सूतगिरण्यांचं जन्मस्थान' असा दगड उभा हाय. तैशो स्टेशनवरून पायी जाता येते. पर्यटक तिकडं फिरकत नाहीत, तुम्ही जा.

आता आपला धागा. आपल्याकडची रुई आखूड धाग्याची, इंग्लंडच्या गिरण्यायले थे पसंत नव्हती. जपान्यांनी काय केलं, आखूड भारतीय रुईत लांब अमेरिकन रुई मिसळायची पद्धत बसवली, म्हणजे सूत स्वस्तही पडे आन धागाही बरा निघे. मिसळ्याची ही कला त्यायच्या धंद्याचा पाया होती. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडची रुई 'ऊमरा' नावानं चाले, उमरावतीवरून, आन आमच्या हिंगणघाटच्या रुईचं तं गावाच्याच नावानं नाणं होतं.

पण जहाजं होती पी अँड ओ सारख्या इंग्रज कंपन्यायची, भाडं मनमानी. तेव्हा जमशेटजी टाटा, ज्यायनं १८७७ मध्ये नागपूरले एम्प्रेस मिल काढली थेच, १८९३ मध्ये जपानले गेले आन निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीसोबत मुंबई-कोबे जहाज सुरू केलं. इंग्रज कंपनीनं भाडं एकदम पाडलं, का हे बसूनच जावेत. तं जपानच्या गिरणीवाल्यायनं एकी केली, माल आणायचा तं आपल्याच जहाजातून, मंग दुसऱ्याचं भाडं कितीबी कमी असो. थे एकी टिकली म्हणून लाइन टिकली. आपल्याकडं भाव पडला का जो तो आपापली गाडी घेऊन व्यापाऱ्याच्या दारात, म्हणून मले हे गोष्ट फार मोठी वाटते.

आन एक वाईट साल बी हाय. १९३३ मध्ये इंग्रज सरकारनं बिगर-ब्रिटिश कापडावर ७५ टक्के जकात लावली, तं जपानच्या गिरण्यायनं भारतीय रुई घेणंच बंद केलं. झगडा कापडाचा, मार कास्तकाराले. १९३४ मध्ये करार झाला, तुम्ही एवढी रुई घ्या, आम्ही एवढं कापड घेऊ. ताई म्हणते त्या क्लबाची इमारत तेव्हा दोन-तीन वर्षांचीच होती. तिथं उभं राहून इचार करजा का यायच्या एका निर्णयानं वऱ्हाडात किती चुली थंडावल्या असतील. माह्या मतानं बाबाले दाखवायची ओसाकातली पहिली जागा हेच.

काळी_माती (दारव्हा)

काका, ताई, काय लिहिलंत! हे सगळं बाबांना संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. वाती विझवून भाव ठरवायचा प्रकार ऐकून त्यांनी लगेच विचारलं, वात कोण कापायचं, लांबी कोण ठरवायचं? आणि १९३३ च्या भानगडीवर म्हणाले का आमचा बाप सांगे, एका साली कापूस घरातच पडून होता, कोणी विचारत नव्हतं, थेच साल असंल काय मालूम. आता त्यांनाच घाई झाली आहे जायची.

तैशोकडं गेलो तर तिकडं अजून काय पाहावं? नुसत्या एका दगडासाठी जाऊन परत यायचं का? आणि शिन्सेकाई म्हणून तो जुना करमणुकीचा मोहल्ला आहे, तिकडं बाबांना नेऊ का नको?

पायपीट (अचलपूर)

मी तिकडं शिकायला होतो, पैसे कमी असल्यामुळं बहुतेक शहर पायीच पाहिलं, म्हणून दोन्हींवर लिहितो.

तैशोत दगडासाठी नाही तर नावेसाठी जा. ओसाका महापालिकेच्या नावा आठ जागी चालतात, पूल नाहीत किंवा फार उंच आहेत अशा ठिकाणी, बहुतेक तैशोच्याच आजूबाजूला, आणि त्या फुकट आहेत, १९२० पासून फुकट, कारण सरकारनं त्यांना रस्त्याचाच भाग मानलं. सायकल घेऊनही चढता येतं. कोणी तिकीट मागत नाही, कोणी कुठून आलात विचारत नाही, शाळेची पोरं, कारखान्याचे कामगार, बाजार करून आलेल्या आजीबाई, सगळे उभ्यानंच दोन मिनिटात पलीकडं. सांगेन्याची बाग पाहून चालत चालत एखाद्या घाटावर या, पलीकडं जा, तिकडून दुसऱ्या घाटावरून परत या. मोठमोठे कारखाने, जहाजदुरुस्तीचे यार्ड, लोखंडाचे ढीग, ओसाका कशावर उभं राहिलं ते तिथं दिसतं. जाताना वेळापत्रक पाहून ठेवा, दुपारच्या वेळी काही ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या तासानं नाव असते. तैशोत ओकिनावाची माणसं पण बरीच आहेत, पोटासाठी गाव सोडून गिरण्या-कारखान्यांत आलेली, त्यांच्या खानावळी आणि दुकानं पाहा.

शिन्सेकाई न्या, पण सकाळी न्या. त्सुतेनकाकू टॉवर आहे, पहिला १९१२ चा, तो युद्धाच्या काळात मोडून लोखंड काढून घेतलं, आताचा १९५६ चा, तो मोहल्ल्यातल्या लोकांनी पैसे जमवून उभा केला. सकाळी दुकानं उघडत असतात, जानजान योकोचोच्या बोळात म्हातारे लोक गो आणि शोगी हे बुद्धिबळासारखे पटावरचे खेळ खेळत बसतात, बाहेरून काचेतून पाहायला कोणाची ना नाही. संध्याकाळी गर्दी आणि दारू जास्त.

तिथून दक्षिणेला कामागासाकी लागतं. रोजंदारीच्या मजुरांची वस्ती, ज्या मजुरांनी १९७० च्या एक्स्पोच्या, म्हणजे जागतिक प्रदर्शनाच्या, वेळचं शहर बांधलं त्यातले कित्येक तिथंच म्हातारे झाले. तिथून चालत जायला भीती नाही, पण कॅमेरा पिशवीत ठेवा. मी पाहिलंय, लोक रस्त्यावर झोपलेल्या माणसाचे फोटो काढतात. आपल्या नाक्यावर सकाळी सकाळी डबा घेऊन काम शोधत उभ्या असलेल्या माणसाचा असा कोणी फोटो काढला तर आपल्याला कसं वाटेल. बाबा समजदार आहेत, ते बघूनच समजतील.

मग एबिसुचोवरून किंवा तेन्नोजीवरून हानकाई ट्राम धरा, ओसाकात उरलेली एवढीच. एक डबा, घरांच्या मागच्या अंगणाला खेटून जाते. आमची शकुंतला रेल्वे आठवते, फरक एवढाच की ती बंद पडून राहिली आणि ही रोज धावते. सुमियोशीला उतरा, देऊळ आहे, कमानीसारखा उंच लाल पूल आहे, पुढं सगळं जुन्या घरांतून पायी.

बदललेलं पाहायचं तर उमेदा. तुम्ही होता तेव्हा तिथल्या ओसाका स्टेशनच्या उत्तरेला पत्रे लावलेले असतील, तिथं जुनं मालगाडीचं यार्ड होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथं मोठी बाग उघडली. स्टेशनाला लागून एवढी मोकळी हिरवी जागा, आणि लोक चटई टाकून बसतात. त्या बागेतून चालत नाकाझाकिचोला जा, दहा-पंधरा मिनिटं, तोही न जळलेला भाग, जुन्या चाळीत पोरापोरींनी चहाची दुकानं काढली आहेत. मग तसंच तेनजिनबाशिसुजी, छपराखालचा बाजार, २.६ किलोमीटर, सहाशेच्या आसपास दुकानं, जपानातला सगळ्यात लांब. उत्तरेकडून दक्षिणेकडं चाला म्हणजे शेवटी तेनमानगू देऊळ आणि नदी लागते. घाई करू नका, त्या बाजारात चाकूला धार लावणारा, मासेवाला, जुनी पुस्तकं, लोणची, चपला, सगळं आहे आणि पाऊस आला तरी फरक पडत नाही.

बूट नवीन घेऊ नका, घेतले तर इथंच महिनाभर घालून फिरा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा.

विदर्भ_एक्सप्रेस

ताई, पायपीट भाऊ, मानलं. आम्ही टूरवाल्यासोबत गेलतो, बसमधून जेवढं दिसलं तेवढंच. यातलं एकही नाही पाहिलं.

काळी_माती (दारव्हा)

खाण्याचं राहिलंच की. बाबा कांदा-लसूण खातात, मास-मच्छी-अंडं नाही.

आर्वीची_लेक (सध्या ओसाका)

हां, ते महत्त्वाचं. इथं अडचण मासाची कमी आणि दाशीची जास्त. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी, ते उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्शात, ओकोनोमियाकीच्या (कोबीच्या धिरड्याच्या) पिठात, भाजीत, सगळीकडं असतं, दिसत नाही. दुकानदाराला "मास नको" म्हटलं तरी तो दाशी घालतो, कारण त्याच्या लेखी ते मास नाही. म्हणून जपानीत चिठ्ठी लिहून ठेवा, मांस, मासा, अंडं आणि माशाची दाशी काहीच चालत नाही अशी, मला मेसेज करा, मी लिहून देते.

सकाळी निघताना दशम्या, चटणी, भाजलेले शेंगदाणे सोबत असू द्या, चालणाऱ्याला तेच कामी येतं. कोन्बिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या छोट्या दुकानात, नुसत्या मिठाची ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका मिळतो, पण मागचा कागद फोनवर भाषांतर करून पाहा, साध्या दिसणाऱ्या भातातही कधी दाशी असते. केळी, संत्री, भाजलेलं रताळं, तोफू, हे बिनघोर. रताळं मार्चपर्यंत मिळतं, सुपरमार्केटच्या दाराशीच गरम यंत्रात ठेवलेलं असतं, बाबांना हमखास आवडेल. होम्माची-सेम्बाकडं भारतीय जेवणाची हॉटेलं आहेत, एक वेळ तिथं जेवायचं ठरवून ठेवा म्हणजे चिंता नाही.

मेंग्यो काइकानच्या बुकिंगचं मात्र आजच बघा, आत पाहायचे दिवस मोजकेच असतात आणि लवकर भरतात. तारीख मिळाली की बाकीचे दिवस तिच्या आगंमागं लावा. आणि सांगेन्याला जायचं ठरलं तर मला कळवा, शनिवार असला तर मी येते सोबत, मी पण तो दगड अजून पाहिलेला नाही.